चोरावर मोर

लेंगऱ्यात परतून आज आठवा दिवस.
अजून गल्लीतल्या बायका एकेक करून येतात,
पायरीवर टेकतात, नको नको म्हणत चहा घेतात,
आणि डोंगर, बर्फ, विमान सगळं बाजूला सारून
एकच विचारतात :
तिकडं खाल्लं काय गं?

आता काय सांगू.

झुरिचला तळ्याकाठी, दुसऱ्या मजल्यावर,
विश्वजीतनं दोन महिने आधी टेबल धरलेलं.
तो गेलेला सोनं गाळायची यंत्रं बघायला,
आम्ही दोघं त्याच्या मागं, सामानासारखे.
दारातल्या बाईनं माझ्या चपलांकडं पाहिलं,
मग माझ्याकडं, मग हसली.
हसू चांगलं होतं, जरा उशिरा आलं.

पाव गरम. खोटं कशाला बोलू,
लोणी असं की म्हशीचं नाव विचारावं.
भोपळ्याचं सूप पुन्हा मागणार होते,
पोरानं टेबलाखालून पाय दाबला.

मग आली परात.
परातच म्हणायची, कणीक तिंबावी एवढी,
मधोमध माशाचा तुकडा, कानातल्या कुडीएवढा,
भोवती हिरवे तीन थेंब.
पित्राला कावळ्यापुढं ठेवतो ते पानसुद्धा
याहून भरलेलं असतं गं.

शेवटी चॉकलेट, त्यावर सोन्याचा वर्ख.
तेव्हा मात्र यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
चाळीस वर्षं त्रिशूरला गलाई केली.
सोनारांच्या दुकानातला केर विकत घ्यायचा,
झाडलेली धूळ, फाटकी पायपुसणी,
हात धुतलेलं पाणीसुद्धा.
जाळायचं, गाळायचं, मुशीत तापवायचं,
तळाला मुगाच्या डाळीएवढा मणी राहिला
तर त्या दिवशी घरात शिरा.
तेजाबानं यांच्या दोन बोटांची नखं गेली.
"चोवीस कॅरेट आहे," पोरगं म्हणालं.
"दिसतंय मला," हे म्हणाले.
सुरीच्या टोकानं वर्ख उचलून कडेला ठेवला,
चॉकलेट खाल्लं.
बरं होतं म्हणाले.

माझं पोट तसंच.
पाणी वाढणाऱ्या पोराच्या छातीवर नाव : शिनोज.
मी जरा वाकून, हळूच,
"चोर उंडो?"

चोर म्हणजे भात गं, त्यांच्या बोलीत.
त्रिशूरला पहिल्याच आठवड्यात शेजारीण विचारायला आली,
चोर झाला का?
मी आतून कडी घातलेली.

शिनोजच्या हातातला जग तसाच थांबला.
"अम्मे," एवढंच बोलला, आणि पाणी
पांढऱ्या टेबलावर सांडलं.
ओल्लूरचा निघाला. आमच्या भट्टीपासून दोन थांबे.

मागं नोकरांचं जेवण शिजतं,
तिथनं वाडगा आणला, रुमालाखाली झाकून.
भात. भातावर फोडणीचं ताक.
कढीपत्ता नव्हता, मोहरी मात्र करपलेली, घरच्यासारखी.
ताकाला ते मोर म्हणतात.
यांनी वाडग्यात डोकावून पाहिलं :
"आला का चोरावर मोर?"
हा आमचा विनोद चाळीस वर्षांचा,
विश्वजीतला कधी हसू आलं नाही.
तो तळ्याकडं बघत बसला.
बोटी मोजत असावा.
मग त्याचा चमचा आला वाडग्यात,
एकदा. परत एकदा.

बिलात भात नव्हता.
बाकी किती झालं ते विचारू नकोस.
पोरगं म्हणालं, आई, रुपयात गुणायचं नाही.
मी गुणलं.

आणि तो वर्ख मी कागदी रुमालात गुंडाळून आणलेला.
काल यांनी जुनी मूस काढली,
रुमालासकट जाळला, फुंकलं, निवू दिलं,
भिंग लावून कितीतरी वेळ बघत बसले.
आहे म्हणतात.
मला काही दिसलं नाही.

चहा घे आधी, साय धरली बघ.